रस्त्याचा खर्च कुणी किती सोसायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ लाखांची पेट्रोल कार घेताना ११ टक्क्यांनी ९९ हजार रुपये वाहन कर भरला. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर केंद्राचा आणि राज्याचा कर जातो. नाशिकहून मुंबईला निघालं की घोटी आणि पडघा इथे टोल कापला जातो, आणि घरपट्टी वेगळीच. एवढं भरूनही रस्ते असे का, आणि हा खर्च लोकांमध्ये वाटण्याची न्याय्य पद्धत कोणती? शिवाय पुढची गाडी इलेक्ट्रिक घेतली तर कर माफ, टोल माफ. हे बरोबर आहे का, असंही तुम्ही विचारलंय.

माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली. अंदाजपत्रकं, वाहतूक गणना, ठेकेदारांची देयकं आणि दर मार्चला निधीसाठी होणारी ओढाताण हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. त्यावरून माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यांच्या नावावर आपण कमी पैसे देत नाही, पण ते चुकीच्या लोकांकडून चुकीच्या प्रमाणात घेतले जातात आणि रस्ता राखण्याच्या कामापर्यंत पुरेसे पोचत नाहीत.

आधी पैसा जातो कुठे ते पाहू. वाहन कर १९५८च्या मोटार वाहन कर कायद्याखाली वसूल होतो आणि राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचं व्याज, शाळा, दवाखाने, रस्ते हे सगळं त्याच निधीतून भागतं. पेट्रोलवरच्या राज्याच्या व्हॅटचंही तेच. २०२४च्या फेरबदलानंतर तो २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा आहे, पण त्यातला एकही पैसा कायद्याने रस्त्याला बांधलेला नाही. तुम्ही सांगितलेल्या चारांपैकी रस्त्याशी थेट नातं आहे ते टोलचं आणि केंद्राच्या इंधन कराच्या एका तुकड्याचं.

त्या तुकड्यामागे एका मराठी माणसाचा हात आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९२७ साली मुकुंद रामराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. हे तेच जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सांगितलं की रस्त्यांचा भार आता प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपणारा नाही. म्हणून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा, तो वेगळ्या निधीत ठेवावा आणि फक्त रस्त्यांवर खर्च करावा. १ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला, आणि प्रांतांना त्यातला वाटा तिथे खपलेल्या पेट्रोलच्या प्रमाणात मिळू लागला. जो जास्त फिरतो तो जास्त देतो आणि जिथे फिरतो तिथे पैसा परत येतो, हे तत्त्व मला आजही सगळ्यात सरळ वाटतं.

त्या तत्त्वाचं आज काय झालंय? मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरला १९ रुपये ९० पैसे होता (एप्रिल २०२५ मध्ये त्यात आणखी दोन रुपये वाढले). त्यातले ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर, अडीच रुपये कृषी उपकर, ११ रुपये विशेष जादा उत्पादन शुल्क आणि उरलेले १ रुपया ४० पैसे मूळ उत्पादन शुल्क. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० प्रमाणे राज्यांना वाटा मिळतो तो फक्त शेवटच्या १ रुपया ४० पैशांत. उपकर आणि अधिभार वाटणीबाहेर असतात. १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ४१ टक्क्यांनी त्यातले साधारण ५७ पैसे सगळ्या राज्यांचे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता, म्हणजे जेमतेम साडेतीन पैसे. रस्ते उपकरातून राज्याला कामं मिळतात, पण कोणती आणि किती हे दिल्लीत ठरतं. शिवाय २०१८च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतून रेल्वे, जलमार्ग आणि इतर पायाभूत कामांनाही पैसे देता येतात. कर गाडीवाल्याकडून रस्त्याच्या नावाने घ्यायचा आणि गावातून तालुक्याला जाणारा इतर जिल्हा मार्ग मात्र राज्याच्या रिकाम्या खिशावर सोडायचा, हा पहिला अन्याय.

दुसरा अन्याय रस्ता कोण झिजवतं याचा आहे. त्यावर लोक फार कमी बोलतात, म्हणून मी थोडा वेळ घेतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी रात्रंदिवस ट्रक फिरवले आणि प्रत्येक वजनाने रस्ता किती खचतो ते मोजलं गेलं. त्यातून निघालेला ठोकताळा आजही आपल्या रस्त्यांच्या आखणीचा पाया आहे: अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने नुकसान वाढतं. वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. तुमच्या कारच्या एका अ‍ॅक्सलवर साधारण सातशे किलो वजन असतं. सहाचाकी ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला कायद्याने साडेअकरा टन चालतात. चौथा घात केला की ट्रकचा तो एक अ‍ॅक्सल तुमच्या कारच्या अ‍ॅक्सलच्या सत्तर हजारपट नुकसान करतो. कार, रिक्षा, दुचाकी या रस्त्याच्या झिजेच्या हिशेबात जवळजवळ शून्य. आम्ही रस्त्याची जाडी ठरवताना त्यांना धरतच नाही. फक्त अवजड वाहनं मोजतो.

आता टोलचे दर पाहा. २००८च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत मूळ दर कारला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि ट्रक-बसला २ रुपये २० पैसे असे होते. पुढे ते महागाईप्रमाणे वाढत गेले, पण प्रमाण तेच राहिलं. ट्रक कारच्या साडेतीनपटही देत नाही.

लगेच ट्रकवाल्यांवर सत्तर हजारपट कर लावा असा निष्कर्ष मात्र काढू नका. रस्त्याचा खर्च म्हणजे नुसती झीज नव्हे. जमीन, पूल, बोगदे, मोऱ्या, सहा पदरांची रुंदी हे सगळं गाड्यांच्या संख्येमुळे लागतं, आणि शनिवारी सकाळी घाटात रांग लागते ती बहुतांशी कारचीच असते. पाणी तर कुणाच्याही वजनाची वाट पाहत नाही; कोकणात एका पावसाळ्यात तुंबलेलं गटार जे करतं ते ट्रकला वर्षभरात जमत नाही. म्हणून बांधणीचा खर्च रस्ता अडवणाऱ्या प्रत्येकाने जागेच्या प्रमाणात द्यावा, आणि वरच्या थरांच्या नूतनीकरणाचा खर्च मुख्यतः अवजड वाहनांनी वजनाच्या प्रमाणात द्यावा. या दोन गोष्टी एका टोलमध्ये कोंबल्या की कारवाला ट्रकचा खर्च उचलतो आणि दोघेही आपण लुटले जातोय म्हणतात.

वजन म्हणजे कुठलं वजन, हेही नीट समजून घ्या. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. मागच्या चारटायरी अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आत, पण चौथ्या घाताने नुकसान साठ टक्क्यांहून अधिक वाढलं. त्या वर्षी वाहतूकदारांना दिलासा मिळाला, मालवाहतूक स्वस्त झाली, त्याला माझा विरोध नाही. पण त्या निर्णयाचं बिल जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्याच्या देखभालीवर पडलं आणि त्यासाठी वेगळा पैसा कुणीही दिला नाही.

याच नियमातला एक उपयोगी धागा फारसा कुणी ओढत नाही. १८.५ टनांचा सहाचाकी ट्रक आणि २८ टनांचा दहाचाकी ट्रक घ्या, दोन्ही कायदेशीर मर्यादेपर्यंत भरलेले. रस्त्याच्या आखणीच्या सूत्राने सहाचाकीचं नुकसान येतं साधारण ५.२ प्रमाण अ‍ॅक्सल (रस्त्याची झीज मोजायचं एकक) आणि दहाचाकीचं साधारण ५. म्हणजे दहाचाकी ट्रक साडेनऊ टन जास्त वजन घेऊनही रस्त्याला किंचित कमी त्रास देतो, कारण ते वजन जास्त चाकांवर पसरतं. आणि टोल मात्र दहाचाकीला जास्त. रस्त्याला जपणाऱ्या गाडीला आपण दंड करतो आणि रस्ता फोडणारीला सूट देतो. कर अ‍ॅक्सलच्या वजनावर बेतला तर वाहतूकदार आपोआप जास्त अ‍ॅक्सलच्या गाड्यांकडे वळतील. ओव्हरलोडिंगचंही तसंच. साडेअकराऐवजी पंधरा टनांचा अ‍ॅक्सल नाक्यावरून सोडला तर तो तिप्पट नुकसान करून जातो. ज्याने सोडला त्याला काही मिळालं असेल, त्याची किंमत पुढच्या गावांनी मोजायची.

कांद्याचे भाव वाढतील, असा आक्षेप यावर नेहमी येतो. तुम्ही नाशिकचे, तर कांद्याचंच गणित करू. लासलगावहून दिल्ली बाराशे-तेराशे किलोमीटर. झिजेपोटी समजा किलोमीटरला पाच रुपये घेतले, तर एका खेपेला साडेसहा हजार रुपये होतात. गाडीत अठरा टन कांदा असेल तर किलोमागे ३६ पैसे. त्यातून आज भरला जाणारा टोल वजा केला तर वाढ आणखी कमी. खराब रस्त्याने टायर, पाटे आणि वेळ जातो, त्याचा खर्च वाहतूकदार आजही भाड्यात धरतोच.

महामार्गांपेक्षा माझा जीव ग्रामीण रस्त्यांत जास्त अडकला आहे, म्हणून तिथलं एक उदाहरण देतो. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या परिसरातला पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता डोळ्यासमोर आणा. असे बहुतेक रस्ते त्यांच्या सगळ्या आयुष्यात दहा लाखांपेक्षा कमी प्रमाण अ‍ॅक्सल सोसतील अशाच जाडीचे असतात. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही मिळून वीस टनांच्या वर ऊस, अशा खेपा रात्रंदिवस चालतात. समोरून वाहन आलं की ट्रॉली साइडपट्टीवर उतरते. आधी साइडपट्टी खचते, मग डांबराची कड तुटते, मग चाकोऱ्या पडतात आणि चाकोरीत पाणी साचलं की खालची खडी सैल होते. मार्चमध्ये हंगाम संपतो, जूनमध्ये पाऊस येतो, आणि ऑगस्टमध्ये त्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या पोरांची सायकल चालत नाही.

दिवसाला पाच हजार टन गाळप करणारा कारखाना दीडशे दिवस चालला तर साडेसात लाख टन ऊस येतो. त्यातला पाचवा हिस्सा एका रस्त्याने आला तरी त्यावर हंगामात साडेसात हजार भरल्या खेपा होतात. हा माल कुठून आला याचा शोध घ्यायला नवी यंत्रणा लागत नाही, कारण कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचं वजन होतं आणि ऊस कुठल्या गावच्या शिवारातला याची नोंदही होते. टनामागे दहा रुपये रस्ता निधी कारखान्याकडून घेतला तर साडेसात लाख टनांचे ७५ लाख रुपये दरवर्षी त्याच परिसरातल्या रस्त्यांसाठी मिळतील. २०२४-२५च्या हंगामात उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. दहा रुपये म्हणजे त्याच्या ०.३ टक्के. हे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून कापू नयेत, साखर, वीज आणि इथेनॉल विकणाऱ्या कारखान्याने द्यावेत असं माझं मत आहे. खाणींच्या बाबतीत हे तत्त्व देशाने मान्य केलं आहे: २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत खाणवाल्यांचे पैसे जमा होतात आणि त्यातून बाधित गावांचे रस्तेही करता येतात. उसाला आणि खडी क्रशरला तसाच नियम का नको?

आता टोल. टोल वाईट की चांगला असा सरसकट प्रश्न मला पटत नाही. नवा वेगवान रस्ता बांधला, जुना मोफत रस्ता शेजारी राहिला, ज्याला वेळ वाचवायचा त्याने पैसे दिले आणि बांधणीचा खर्च फिटला की दर उतरले, तर तो न्याय्य टोल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरुवातीला या व्याख्येत बसत होता. साधारण १,६३० कोटींत बांधलेला हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या वसुलीचे हक्क ९१८ कोटी आगाऊ घेऊन दिले गेले. ती मुदत २०१९ मध्ये संपली. मग टोल बंद न होता २०२० मध्ये दहा वर्षांचे हक्क ८,२६२ कोटींना देण्यात आले, आणि एप्रिल २०२३ पासून कारचा दर ३२० रुपये झाला. दुसऱ्या टप्प्यावरचा हा टोल त्या रस्त्याची फेड राहिलेला नाही, तो पुण्या-मुंबईच्या प्रवाशांवरचा कर आहे. कर लावायचाच असेल तर विधिमंडळात मांडून, त्याच्या विनियोगाचा हिशेब देऊन लावावा. निविदेच्या आडून नको.

कोल्हापूरचं प्रकरण याहून स्पष्ट होतं. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खासगीकरणातून करून शहराच्या वेशीवर टोल बसवला. लोकांनी तो मानला नाही, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली आणि २०१५च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. कोल्हापूरकर बरोबर होते. ज्या रस्त्याला पर्याय नाही, ज्यावरून भाजी आणायला आणि मुलाला दवाखान्यात न्यायला जावं लागतं, त्यावर टोल लावता येत नाही. तो घरपट्टीतून आणि शहराच्या करांतून करायचा. पण रद्द केलेल्या टोलची भरपाई शेवटी राज्याच्या तिजोरीवर आली, हेही विसरू नका. राज्यात १ जून २०१५ पासून बारा नाके बंद झाले आणि त्रेपन्न नाक्यांवर कार व एसटीला सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. टोलमाफीची घोषणा झाली तरी करार उभाच असतो, आणि सोडलेले पैसे ठेकेदाराला या ना त्या रूपात द्यावेच लागतात. मुलुंडच्या कारवाल्याची सूट मग गडचिरोलीच्या मजुराच्या करातूनही भरली जाते.

त्या मजुराचा विषय निघालाच आहे तर एसटीबद्दल बोलतो. एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर चालत आला आहे. रस्त्याची सगळ्यात कमी जागा वापरून सगळ्यात जास्त माणसं नेणारी गाडी ती, आणि तिच्यात बसणाऱ्याकडे बहुधा स्वतःचं वाहन नसतं. एका बसमधली चाळीस माणसं कारने निघाली तर रस्त्याची काय अवस्था होईल याचा विचार करा. हा कर पहिल्यांदा काढायला हवा.

शहरांचं गणित वेगळं आहे. तिथे रस्त्याने सगळ्यात जास्त फायदा होतो तो जमीनमालकाला. विकास आराखड्यातला चोवीस मीटरचा रस्ता प्रत्यक्षात उतरला की दोन्ही बाजूंच्या जमिनीचा भाव रातोरात चढतो. ती वाढ मालकाच्या घामाची नसते, सार्वजनिक पैशाची असते. मुंबई इलाख्यात १९१५ सालापासून नगररचना योजनांचा कायदा आहे. सगळ्यांची थोडी थोडी जमीन रस्त्यासाठी घ्यायची, उरलेले भूखंड नीट आखून परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीच्या अर्ध्यापर्यंत सुधारणा आकार वसूल करायचा, अशी ती पद्धत. आपल्या १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ती आहे. अहमदाबादने तिच्या बळावर ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड उभा केला. महाराष्ट्राने मात्र भूसंपादनावर कोट्यवधी खर्चायची सवय लावून घेतली. २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपुरात मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे, पण तो घर विकत घेणाऱ्याकडून जातो. वीस वर्षं जमीन धरून बसलेल्याला त्याची झळ लागत नाही.

शहराचा दुसरा आधार घरपट्टी. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात पथकर ही वेगळी ओळच असते. जानेवारी २०२२ पासून तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. गरिबाला दिलासा हवाच, पण तो घराच्या किमतीवरून द्यायला हवा होता. कुलाब्यातलं ४९० चौरस फुटांचं घर आणि मानखुर्दमधलं ४९० फुटांचं घर यांना एकच न्याय कसा लागू होतो? जकात गेली हे चांगलंच झालं, नाक्यांवर ट्रक तासन् तास सडायचे. तिच्या जागी महापालिकांना राज्याकडून दरवर्षी आठ टक्के वाढीने भरपाई मिळते. पण स्वतः कर लावून स्वतः हिशेब देण्याची पालिकेची सवय त्या भरपाईने मोडली. घरपट्टी हा एकच असा कर उरला आहे जिथे नागरिक नगरसेवकाला विचारू शकतो की माझ्या गल्लीचं काय झालं. तो कमकुवत करणारा प्रत्येक निर्णय खड्ड्यांच्या बाजूचा आहे.

हे सगळं सुधारलं तरी खड्डे का राहतील, ते सांगतो. सरकारी हिशेबात रस्त्यांची दोन मुख्य लेखाशीर्षं आहेत. ५०५४ म्हणजे भांडवली खर्च: नवीन रस्ते, रुंदीकरण, पूल. ३०५४ म्हणजे देखभाल: खड्डे, गटारं, साइडपट्ट्या, नूतनीकरण. ५०५४च्या कामाला नारळ फुटतो, फलक लागतो, आमदारांचं नाव कोरलं जातं. ३०५४ साठी कुणी मंत्रालयात खेटे घालत नाही. डांबरी रस्त्यावर पाच-सहा वर्षांनी नवा थर द्यावा लागतो. तो वेळेवर दिला तर रस्ता टिकतो. टाळला तर पाणी खाली उतरतं, मग पायापासून पुन्हा बांधावा लागतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. आणि तो वाढलेला खर्च ५०५४ मधून होतो, पुन्हा नारळ फोडून. म्हणूनच प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची एक अट मला मोलाची वाटते: रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराच्या करारातच पुढच्या पाच वर्षांची देखभाल असते आणि तिचे पैसे आधीच ठरलेले असतात.

वेगळा निधी आपल्याला जमत नाही असंही नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला गेला. २६ जानेवारी १९७९ पासून लागू झालेल्या कायद्याने त्याचा स्वतंत्र निधी झाला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची असं कलम ठेवलं. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून सोलापूर, बीड, नगरच्या दुष्काळी भागात पाझर तलाव आणि गावरस्ते झाले. नावं ठेवायला जागा होती, पण पैसा कशासाठी घेतला आणि कुठे गेला हे विचारायला कायद्याचा आधार होता. मोटार वाहन कराचा निश्चित हिस्सा असाच ३०५४ ला बांधावा, त्यातला ग्रामीण रस्त्यांचा वाटा रस्त्याच्या लांबीवर आणि अवजड वाहतुकीवर ठरावा, आणि प्रत्येक जिल्ह्याचा हिशेब रस्त्याच्या क्रमांकासह प्रसिद्ध व्हावा. सगळाच कर बांधू नये. श्रीमंताच्या गाडीच्या करातून शाळा चालणं हेही न्याय्यच आहे.

आणि काही रस्ते असे असतात जिथे वापरणाऱ्याकडून वसुलीचा विचारच करायचा नाही. भामरागडचा किंवा अक्कलकुव्याचा रस्ता गाड्यांच्या संख्येत कधीच 'परवडणार' नाही. तिथे बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत पोचवणं हाच त्याचा हिशेब आहे, आणि तो आपण सगळ्यांनी सर्वसाधारण करांतून द्यायचा.

शेवटी तुमच्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल. महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणाने द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली. हवा स्वच्छ राहावी म्हणून सुरुवातीला सवलत देणं योग्य आहे. पण जयकरांच्या काळापासून रस्त्यांचा कर इंधनावर उभा आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी पेट्रोल कार लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल, तर एप्रिल २०२५च्या २१ रुपये ९० पैशांच्या दराने केंद्रालाच साडेचौदा हजार रुपये देते. इलेक्ट्रिक कार तोच रस्ता, तीच जागा वापरून यातलं काहीच देत नाही, आणि ती घेणारा सहसा मोपेडवाल्यापेक्षा सधन असतो. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्या १९७० च्या दशकापासून वजन आणि अंतराप्रमाणे शुल्क भरतात. १ एप्रिल २०२४ पासून तिथे इलेक्ट्रिक कारलाही दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर द्यावे लागतात. आपल्याकडे विम्याच्या वार्षिक नूतनीकरणावेळी मीटरचं वाचन घेऊन हे सहज करता येईल. कारला किलोमीटरमागे पन्नास पैसे धरले तरी वर्षाला पाच हजार होतात. ट्रकला मात्र फास्टॅग आणि जीपीएसवरून अ‍ॅक्सलच्या वजनाप्रमाणे दर लावता येईल. उपग्रहाने मोजणी होणार असेल तर माणसाच्या हालचालींची नोंद सरकारजवळ किती दिवस राहणार हे आधी कायद्यात लिहून घ्यायला हवं. खासगी कारसाठी म्हणूनच मला मीटरचं वाचन जास्त बरं वाटतं.

तेव्हा गाडी इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर खुशाल घ्या. फक्त दहा वर्षांच्या खर्चाचा हिशेब मांडताना करमाफी आणि टोलमाफी कायमची धरू नका. किलोमीटरमागे काही ना काही द्यावं लागेल असं समजूनच आकडे मांडा. माझ्या मते ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.